तिसऱ्या मजल्याचा आलेख

तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा आलेख फारच गुणी होता, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

काँक्रीट ओततानाच आत सेन्सर पुरतात. त्याची वायर एका डबीला जोडलेली असते. डबी दर अर्ध्या तासाने आतलं तापमान ऑफिसात पाठवते, आणि त्यावरून माझा कॉम्प्युटर स्लॅबला किती ताकद आली ते सांगतो. त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. पहाटे बाहेर सहा अंश. अशाच थंडीत दुसरा स्लॅब अकरापर्यंत उतरला होता, तिसरा मात्र चोवीसवरून हलायला तयार नाही. पाचव्याच दिवशी पडद्यावर हिरवी खूण आली. म्हणजे खालचे टेकू काढायला हरकत नाही.

साइटचा प्रमुख माझा सख्खा मामा. मला या कामात त्यानेच आणलं. मी फोन लावला.

"मामा, तिसऱ्यावर काही झाकलंय का?"

"झाकलंय की. ताडपत्री."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू तुझ्या रेघोट्या बघ. उद्या टेकू काढतोय."

मामा एवढं तोडून कधी बोलत नाही. एरवी आईच्या गुडघ्यांची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवत नाही. काहीतरी लपवत होता. काम रखडलंय म्हणून आकडे फिरवले असतील? पण मोबाइलवरून फोटो पाठवतानाही त्याला घाम फुटतो. मग दुसऱ्या कुणी फिरवले आणि हा पांघरूण घालतोय?

सकाळी न कळवता साइटवर गेले. थेट वर चढले. ताडपत्रीचा पत्ता नव्हता. स्लॅबला हात लावला तर बर्फ. डबी जागेवर नाही, आणि कडेला वायरचं तुटकं टोक.

"डबी कुठाय?" मी मुकादमाला विचारलं.

"ते साहेबांनाच विचारा, ताई." तो माझ्याकडे बघेना.

मामा खाली स्टोअरच्या दाराशीच उभा होता. जणू राखणच करत होता.

"चावी दे, मामा."

"आत रंगाचे डबे आहेत. काय बघायचंय त्यात?"

"चावी."

दार उघडलं तशी उबदार हवा अंगावर आली. कोपऱ्यात हीटर, आणि त्याला खेटून काँक्रीटने भरलेली बादली. तिच्यातून निघालेली वायर डबीत गेली होती. डबीचा दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता.

"ओतताना वायर माझ्याच हातून तुटली," मामा म्हणाला. "ऑफिसात आधीच म्हणतात, म्हाताऱ्याला यातलं काय कळतंय. त्याच गाडीतलं काँक्रीट बादलीत भरलं, जादाचा सेन्सर खुपसला. वर कुणी लाथाडेल म्हणून इथे आणून ठेवली."

"हीटरजवळ?"

"हीटर तर रंग थंडीने घट्ट होऊ नये म्हणून..." तो मध्येच थांबला. हीटरकडे पाहिलं, मग बादलीकडे. "म्हणजे ती हिरवी खूण बादलीची?"

तेवढ्यात वरून लोखंडावर घण पडल्याचा आवाज आला. टेकू काढायला सुरुवात झाली होती.

साठीचा माणूस, पण माझ्या आधी जिन्यावर होता. "थांबा! हात लावू नका!" ओरडताना त्याचा आवाज फाटला. चार टेकू निघाले होते. त्याने स्वतः खांदा लावून ते परत उभे केले. सैल झालेला पाचवा सगळ्यांनी मिळून घट्ट केला.

दुपारी ठोकून ताकद मोजायचं यंत्र आणलं. निम्मीसुद्धा ताकद आली नव्हती. मजल्याखाली सात माणसं काम करत होती.

अहवाल लिहायला बसले तेव्हा मामा समोर होता. माझी बोटं त्याच्या नावापाशी अडली.

"घाल," तो म्हणाला. "मी फसवलं, तसंच लिही. चूक झाली असं नको."

मी तसंच लिहिलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सही केली. महिन्याभरात त्याला साइटवरून काढलं. आई अजून विचारते, तुमचं भांडण झालं का? मी नाही म्हणते, आणि ती माझ्याकडे संशयाने बघत राहते.