एका नंबरच्या दोन बंदुका

यंदा, सलग तिसऱ्या दुष्काळात, चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात पाणी असलेली विहीर एकच उरली. ती पाणीपुरवठा सहकारी संस्थेची असल्यामुळे तिला कुलूप, चेअरमन, सेक्रेटरी आणि बंदूक असं सगळं आहे. चेअरमन आबासाहेब. सेक्रेटरी मी. बंदूक एकनळी, परवाना संस्थेच्या नावाचा, आणि ती घेऊन राखणीला बसायचा आसाराम. स्वभाव असा, की चोच बुडवायला आलेल्या कावळ्यालाही "बस, बस" म्हणायचा.

मार्चमध्ये पोलीस ठाण्यामार्फत एक पत्र आलं. चोरटी हत्यारं देशोदेशी फिरतात, त्यांचा माग काढायचा असं जगातल्या सरकारांनी मिळून ठरवलेलं आहे. त्याप्रमाणे एका लांबच्या देशानं विचारलं होतं की, त्यांच्याकडे सापडलेली अमुक नंबरची बंदूक तुमच्याकडून कधी आणि कशी गेली? देशाचं नाव आबासाहेबांनी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा वेगळं वाचलं.

नंबर आमच्याच बंदुकीचा होता.

मी विहिरीवर गेलो. लिंबाखाली आसाराम बसलेला, बंदूक मांडीवर. नळीवरचा नंबर बोट फिरवून ताडून पाहिला आणि उत्तर लिहिलं : 'सदर बंदूक संस्थेकडेच असून सुस्थितीत आहे. काडतुसे दहा.' काडतुसं मी मोजली नव्हती. सहा वर्षं मी ती 'वरीलप्रमाणे' लिहूनच मोजत आलो आहे.

तीन आठवड्यांत दुसरं पत्र आलं. सरकारी कागद इतक्या लवकर फिरून आला, तिथंच मला पहिल्यांदा भीती वाटली.

सोबत फोटो होता. बंदुकीच्या दस्त्याला तडा, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून तांब्याच्या तारेचे सात वेढे. ते वेढे आसारामनं माझ्यासमोर घातलेले. खाली लिहिलं होतं : 'लाकडावर लाल ठिपके पाच. तपासणीअंती रक्त नाही. प्रयोजन अज्ञात.' प्रयोजन आम्हाला चांगलंच ज्ञात होतं. दर खंडेनवमीला आसारामची बायको भिवराबाई हत्याराला कुंकू लावते, पाच बोटं.

पुढं असं होतं : बंदूक एका विहिरीच्या काठावर मिळाली, भर दुपारी. नळी गरम. राखणदार बेपत्ता. रिकामं काडतूस एक. पाण्याला आलेली एक बाई खांद्यात छर्रे लागून जखमी.

"हे विरोधी पॅनेलचं काम हाय," आबासाहेब म्हणाले.

"फोटो परदेशातून आलाय, आबासाहेब."

"मंग पॅनेल लई लांब पोचलंय त्यांचं."

आम्ही विहिरीवर जाऊन आसारामला पत्र वाचून दाखवलं आणि फोटो हातात दिला.

"सेक्रेटरी, त्या बाईकडं पिवळा कॅन व्हता का?"

पत्रात कॅनचं नाव नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात, काठाला आडवा पडलेला, तो होता. मलाही आत्ताच दिसला.

"तुला कसं कळलं रे?" मी विचारलं.

"दुपारी डोळा लागला की मी तिथंच असतो. बंदूक हीच, इहीर दुसरी. लोक पिवळे कॅन घेऊन येतेत. मी म्हंतो थांबा, तर त्यायला माझं बोलणं कळत न्हाई. मला वाटलं, सपन हाय."

मी काडतुसांचा डबा उघडला. नऊ.

"दहावं उंदरानं नेलं म्हणून लिहा," आबासाहेब म्हणाले.

"काय बी लिहा," आसाराम म्हणाला, "पर त्यायला एवढं इचारा, ती बाई जगली का?"

उत्तराच्या छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता. बंदुकीचा कारखाना, सन, मालक, मालकाचा मालक, सगळ्याला रकाने होते. मी शेऱ्याच्या जागी लिहिलं : 'सदर बाई जिवंत आहे काय?'

एप्रिलअखेर उत्तर आलं. 'जप्त बंदूक नियमानुसार वितळवण्यात आली. प्रकरण बंद.' बाईबद्दल अक्षर नाही.

आसारामनं पत्र दोनदा वाचायला लावलं आणि बंदूक उचलली. "तिथली गेली. हितली हाय तवर माझ्या हातून परत गोळी सुटंल. ठाण्यात देऊन येतो."

"येडा झाला का? बंदूक गेल्यावर तुला कामावर कशापायी ठिवू?" आबासाहेब म्हणाले. "नुसत्या माणसाला कोण भितं?"

"कुणी भिऊ न्हाई म्हणूनच देतो, साहेब."

वितळलेल्या नंबरची बंदूक जमा कशी करून घ्यायची, यावर फौजदारानं चार दिवस विचार केला. मग रीतसर हुकूम मागवून गॅसकटरनं तिचे तीन तुकडे केले. दुसरा राखणदार मिळेना म्हणून आबासाहेबांनी आसारामला काठी देऊन परत बसवलं.

पहिल्याच दुपारी त्याचा डोळा लागला. मी आणि भिवराबाई शेजारी बसून राहिलो. घटकाभरानं तो उठला आणि हात उघडून बघू लागला. दोन्ही तळव्यांना दोराचे ताजे फोड होते. आमच्या विहिरीवर मोटार आहे. दोर गावात कुठल्याच विहिरीवर उरलेला नाही.

"काय केलं?" मी विचारलं.

"पाणी शेंदलं. आज समदे जवळ आले."

"ती आली का?" भिवराबाईनं विचारलं.

"न्हाई."

कामावर झोपल्याबद्दल त्याला नोटीस काढा, असं आबासाहेबांनी मला सांगितलं आहे. मी अजून काढलेली नाही. रोज बाराला भिवराबाई त्याच्या तळव्यांना खोबरेल लावते, तो लिंबाखाली आडवा होतो, आणि तो उठला की ती आली का, एवढंच आम्ही दोघं विचारतो.