लांब बाह्यांचा कुर्ता

शिवणवर्गाच्या पहिल्या दिवशी बाईंनी टेबलावर कागदी कटिंगं पसरली. "आधी परकर घे. सरळ शिलाई असते, हात बसेल," त्या म्हणाल्या. नवी मुलगी मात्र बंद गळ्याच्या, लांब बाह्यांच्या कुर्त्यावर अडून बसली.

"अगं, बाही जोडताना नाकी नऊ येतील," म्हणत बाईंनी माप घ्यायला तिचा हात उचलला. मनगटापासून दंडापर्यंत हात काळानिळा होता. बाईंनी परकराचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "बरं, कुर्ताच शिवू."

इतक्यात तिचा नवरा आत घुसला. "मला न विचारता आलीस?" त्याने केस धरून तिचं कपाळ मशीनवर आपटलं. रक्त कागदांवर सांडलं. पुन्हा आपटायला त्याने टेबलावर हात टेकला, तोच बाईंनी त्यावर तापलेली इस्त्री दाबली. तो गुरासारखा ओरडला. मग मुलीने कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि तो दाराबाहेर कोसळेपर्यंत त्याला झोडपून काढलं.

पोलीस त्याला घेऊन गेले. तिला सहा टाके पडले. दवाखान्यातून ती थेट आईकडे गेली, ती सासरी परतलीच नाही.