कुंगच्या वाट्याचं मांस

लाकडी ओंडक्यावर दोन सुऱ्यांचा ठकठकाट सुरू झाला तसा मी तांदळाच्या दारूची बाटली काखोटीला मारून निघालो. आमच्या लाम्फूनकडे या आवाजानंतर वेगळं आमंत्रण लागत नाही. कुणीतरी लाब करतोय, म्हणजे कच्चं मांस बारीक चेचून मसाल्यात कालवतोय, हे साऱ्या गल्लीला कळतं. त्यातून हा आवाज इनखामच्या अंगणातला. त्याचा ओंडका चार वर्षं गप्प होता.

फाटकाशी पुदिन्याची जुडी घेऊन आमच्या त्रिकुटातला सिंगकेओ उभा होता.

"बुआचोमवहिनींनी नवऱ्याला परवानगी दिली?" मी विचारलं.

"विचारत बसू नकोस. आधी आत जाऊन बैठक मार."

आम्हाला बघून इनखामने सुऱ्या थांबवल्या. "तुम्ही कशाला आलात? हे कुत्र्याच्या वाट्याचं आहे."

कुत्रा म्हणजे कुंग, इनखामच्या मुलीचा. ती बँकॉकला असते. तिथून तिने फर्मान सोडलं होतं की आजपासून कुंगला कच्चं मांस घालायचं, त्याने दात स्वच्छ राहतात, केस चमकतात. खाटकाला सांगून तिने तीन किलो रेड्याचं मांस घरपोच धाडलंही होतं. बारा वर्षांच्या कुंगला दात उरलेत चार, म्हणून चेचणं आलं.

"दातच नाहीत तर स्वच्छ काय राहणार?" सिंगकेओ म्हणाला.

"केस तरी चमकतील."

"मी जन्मभर कच्चं खाल्लं. माझं टक्कल तेवढं चमकतंय."

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "आणि जंत झाले म्हणजे? चार वर्षांपूर्वी डुकराच्या कच्च्या लाबातून ताप मेंदूत चढला आणि यांचा एक कान कायमचा गेला. आता कुत्राही बहिरा करा! तो आधीच हाकेला येत नाही."

"अगं, दोष डुकराचा होता. हा रेडा आहे," इनखाम चांगला कान पुढे करत म्हणाला.

"इस्पितळातून घरी येताना मला काय कबूल केलं होतंत?"

इनखाम सुऱ्या पुसायला लागला. शेवटी वहिनींनीच निवाडा केला. "कुंगला अर्धं कच्चं, अर्धं उकडून. काय मानवतंय ते बघू. तुम्हाला सगळं उकडून. आणि या दोघांचं त्यांच्या बायका बघतील."

कुंगने कच्चं खाल्लं, उकडलेलं खाल्लं आणि सिंगकेओची चप्पल चाटायला घेतली.

उरलेलं मांस इनखामने आमच्यासाठी कच्चंच कालवायला घेतलं. गावातल्या प्रत्येक लग्नात लाबाचं मीठ त्याच्याच जिभेवर ठरायचं. सवयीने त्याचं बोट तोंडाकडे गेलं. वहिनी बघत होत्या. बोट ओठांपाशी येऊन थांबलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्याने केळीच्या पानावर चिमूटभर लाब ठेवून पान माझ्यापुढे सरकवलं.

"तू सांग."

मीठ दुप्पट पडलं होतं. चार वर्षांत हात साफ विसरला होता. सिंगकेओने घास घेतला आणि डोळेच मिटले. इनखाम माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तसंच झालंय," मी म्हणालो, "अगदी पूर्वीसारखं." आणि चिकट भाताचा गोळा वळून मी दुसरा घास उचलला.