विंझरचा हिरवा हौद

सोमवारी उजाडता उजाडता नूतन हौदाच्या काठाशी आली आणि थबकली. शनिवारी निवळलेलं पाणी पुन्हा हिरवं पडलं होतं. तळाच्या फरश्या दिसत नव्हत्या. कडेला बोट लावून पाहिलं तर बुळबुळीत. तिनं बोट पदराला पुसलं, दोन पावलं मागे गेली, पुन्हा पुढे आली, वाकून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिल्यानं पाण्याचा रंग थोडाच बदलणार होता.

घरातून तिच्या नवऱ्यानं, हनुमंतनं हाक मारली. "काय म्हनतोय हौद?"

"तसाच आहे," ती म्हणाली. मग ती कडेला तरंगणारी पानं वेचायला लागली.

गावात सगळे त्याला हौदच म्हणत. पुण्याच्या एका इंजिनियर साहेबांनी विंझरला शनिवार-रविवारपुरतं घर बांधलं होतं आणि घरामागे पोहायला हा हौद केला होता. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, छातीपर्यंत पाणी. साहेबांची गाडी वीस वर्षं हनुमंतच्या कापूरहोळच्या गॅरेजात यायची. म्हातारपणी ते लेकीकडे परदेशात निघाले, तेव्हा त्यांनी घर याच दोघांना परवडेल अशा बोलीनं दिलं. हौदात माती भरून अळू लावायचा, असं नूतननं ठरवूनही टाकलं होतं. तेवढ्यात गॅरेजात जॅक सरकला आणि ट्रक हनुमंतच्या डाव्या पायावर आला.

पायात सळई बसली. हाड धरलं, पण गुडघा वाकेना. भोरहून दर रविवारी व्यायाम शिकवायला सुलक्षणा मॅडम यायच्या. हौद पाहून त्या खूश झाल्या होत्या. "काका, लोक यासाठी पुण्याला खेपा घालतात. रोज अर्धा तास पाण्यात चाला. सहा आठवडे नेमानं चाललात तर काठी सुटेल. खंड पडला तर गुडघा आहे तसाच धरून बसेल, मग मला काही करता येणार नाही." आणि जाताना वर एक सांगून गेल्या, "पाणी मात्र स्वच्छ पाहिजे. जखम अजून कोवळी आहे."

पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. साहेबांनी मागे ठेवलेल्या डब्यात औषधाच्या गोळ्या होत्या, त्या टाकल्या की पाणी काचेसारखं राहायचं. डबा संपला आणि कटकट सुरू झाली. गेल्या दहा दिवसांत हनुमंत जेमतेम दोनदा पाण्यात उतरला होता. काल मॅडमनी गुडघा वाकवून पाहिला, आठवड्यात पाण्यात किती पावलं झाली ते विचारलं आणि आकडा वहीत लिहिला. तो तोकडा आकडाच नूतनच्या जिवाला लागून राहिला होता.

हौद सांभाळणाऱ्या एका माणसाला पुण्याहून बोलावून पाहिलं होतं. तो बूट न काढता काठावर फिरला, मोबाईलमध्ये फोटो काढले आणि वर्षाच्या कराराचा आकडा सांगितला. हनुमंत म्हणाला, "एवड्यात मी दुसरा पाय बी मोडून घीन." माणूस गेला. त्यानंतर दोघांनी आपलं आपणच शिकायचं ठरवलं.

शिकवायला आले कोंडिबातात्या. तीस वर्षं ते ग्रामपंचायतीत गावाला पाणी सोडायचं काम करत. नळाच्या टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, दर घरी पाणी तपासायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. निवृत्त झाले तरी तपासायची काचेची नळी त्यांच्या खिशात असे.

"सूनबाई, ह्ये काय वायलं न्हाई," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "गावाची टाकी तशी ही टाकी. हजार लिटरला पाच ग्रॅम. तुमचं पानी बावीस-तेवीस हजार लिटर. म्हंजी सव्वाशे-आतबाहेर. पावडर कोरडी टाकायची न्हाई. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवडं हौदात. आन दिस मावळल्यावर. उनात टाकली की ऊन खाऊन टाकतंय."

मग त्यांनी नळीत हौदाचं पाणी घेतलं आणि बाटलीतल्या औषधाचा एक थेंब सोडला. पाणी पिवळं झालं. "पिवळं म्हंजी औषद जागं हाय. पांडरंच ऱ्हायलं म्हंजी झोपलं. मग शेवाळ आलंच."

नूतन मन लावून शिकली. जुनी मच्छरदाणी बांबूच्या कडीला शिवून तिनं पानं काढायची जाळी केली. काठावरूनच, बांबूला बांधलेल्या काथ्याच्या ब्रशानं भिंती घासल्या. गाळणीच्या टाकीतली वाळू उलट्या पाण्यानं कशी धुवायची, ते हनुमंतनं खुर्चीत बसून सांगितलं, तिनं केलं. ते मातकट पाणी तिनं कुंपणाकडे वळवलं. सगळं बरोबर होत होतं आणि तरी पाणी बिघडत होतं. हनुमंतला संशय पाणी गाळणीतून फिरवणाऱ्या मोटरचा. पाय समोर लांब ठेवून त्यानं ती दोनदा खोलली, पुसली, पुन्हा बसवली. "मशीन ठणठणीत हाय," तो कुरकुरला. "मंग औषद खातंय कोन?"

त्या सोमवारी तात्या उजाडल्यावर लगेच आले होते. त्यांनी नळी भरली. हिरवटपणाखाली का होईना, पाणी पिवळं झालं. काल संध्याकाळी त्यांनीच जास्तीचा डोस टाकून घेतला होता. "बगा, अजून जागं हाय. आता निवळंल," म्हणून ते गावात गेले. नऊ वाजता परत आले, नळी भरली, थेंब सोडला. पांढरं.

तात्यांनी नळी उन्हात धरून पाहिली, ओतली, पुन्हा भरली. पुन्हा पांढरं.

"तीन तासांत?" ते स्वतःशीच म्हणाले. "ऊन बी चढलं न्हाई अजून." मग त्यांनी नूतनकडे पाहिलं. "सूनबाई, मदल्या वक्ताला ह्यात काय पडतंय का? खरकटं, साबन, गोठ्याचं काय?"

"नाही," नूतन म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिचे कान तापले. सोमवारचा उपास, आणि ती धडधडीत खोटं बोलली होती.

कारण रोज सहा आणि सातच्या मध्ये त्या पाण्यात तीच काहीतरी टाकत होती.

हनुमंत पहिल्यांदा पाण्यात उतरला त्या दिवशी तिनं एकेचाळीस दिवसांचा नेम धरला होता. देवघरातल्या पिंडीवर रोज पंचामृताचा अभिषेक, एकशे आठ वेळा नाव, आणि ते तांब्याभर तीर्थ हौदात. ज्या पाण्यात नवऱ्याचा पाय बुडतो त्या पाण्यात देवाचं पाणी मिसळलेलं असावं, एवढंच तिचं म्हणणं. नेम बोलून दाखवायचा नसतो, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. आज सव्विसावा दिवस होता.

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. भगर शिजवायला ठेवली ती खाली लागली. कपडे वाळत घातले, पुन्हा काढले, पुन्हा घातले. तीर्थानं पाणी नासतं, हा विचार मनात आला की ती कानाला हात लावायची. दुसऱ्या क्षणी वाटायचं, त्यात दूध आहे, दही आहे, तूप, मध, साखर आहे. तांब्यात दोन दिवस ठेवलं तर त्याचं काय होईल, हे का तिला ठाऊक नव्हतं? ओट्यावर सांडलं तर मुंग्या येतात. पण देवाच्या अंगावरून आल्यावर ते तसंच राहतं का, हे कोणाला विचारायचं?

"आज काय पायाला भिंगरी लागलीया का?" हनुमंत म्हणाला. "सकाळपास्नं नुसती आत-भाईर करतीयास."

"काही नाही. उपास आहे."

"उपास दर सोमवारी असतोय. भिंगरी आजच हाय."

दिवस मावळताना तिनं पावडर कालवली, चुना बसू दिला, निवळ पाणी हौदात सोडलं. मोटर तासभर फिरू दिली. मग हौदातलं पाणी दोन पेल्यांत घेतलं. देवघरात सकाळचं चमचाभर तीर्थ वाटीत राहिलं होतं. तिनं ती वाटी उचलली. आपण देवाची परीक्षा घ्यायला निघालो आहोत असं वाटून ती क्षणभर तिथेच बसली. मग उठली. एका पेल्यात ते तीर्थ घातलं, दुसरा तसाच ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन चार भाकऱ्या थापल्या.

तात्यांनी त्या दिवशी नळी आणि बाटली तिच्याकडेच ठेवली होती. भाकऱ्या झाल्यावर तिनं आधी नुसत्या पाण्याच्या पेल्यातलं पाणी नळीत घेतलं. थेंब सोडला. पिवळंधमक. नळी धुतली, तीर्थ घातलेल्या पेल्यातलं घेतलं. थेंब सोडला. ती वाट पाहत राहिली. दुधाळ पांढरं ते पांढरंच.

नूतन पाटावर बसली आणि नळीकडे पाहत राहिली. हनुमंत काठी टेकत दारात आला. त्यानं दोन पेले पाहिले, वाटी पाहिली.

"ह्ये काय चाललंय?"

तिनं सगळं सांगितलं. नेम कधी धरला, रोज किती, कुठल्या बाजूनं ओतायची. सांगताना ती त्याच्याकडे नाही, भाकरीच्या टोपलीकडे पाहत होती. त्यानं वाटी उचलून वास घेतला.

"म्हंजी मी महिनाभर पंचामृतात चालत हुतो."

"थट्टा करू नका."

"आन मी दोनदा मोटर खोलली. ह्यो असला पाय घिऊन. तू कंदील धरून हुबी हुतीस."

"मला कुठं ठाऊक होतं तेव्हा?"

"बरं, आता ठावं झालं. उद्यापास्नं टाकू नगंस. मिटलं."

"मिटलं कसं? पंधरा दिवस राहिलेत. अर्ध्यावर सोडलेला नेम उलटला तर? तो माझ्यावर नाही उलटायचा, तुमच्या पायावर उलटेल."

"मंग टाक. हौद हिरवा, पाय वाकडा, नेम पुरा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला ते दिसलं, आणि आपण जास्त बोललो हेही कळलं. तो चुलीजवळच्या स्टुलावर बसला, मोडका पाय लांब करून. "नूतन, माझ्यासाटी धरलास ना? मंग मी सांगतो, मला पानी पायजे. नुसतं पानी."

मंगळवारी तिनं नेहमीसारखा अभिषेक केला. नाव घेताना दोनदा चुकली. तांब्या घेऊन मागच्या दारी आली, सवयीनं पाय हौदाकडे वळले. काठाशी ती थांबली. हात पुढे जात होता आणि मागे येत होता. शेवटी ती वळली आणि बेलाच्या आळ्यात तांब्या रिकामा केला. "देवा, पाण्यात टाकायचं मी बंद केलंय," ती हळूच म्हणाली. "चुकलं असेल तर माझ्या नावावर धर. त्यांच्या नको."

त्या दिवशी दूध उतू गेलं आणि ती दचकली. दुपारी बेलावर कावळा ओरडला, तेव्हाही दचकली. काही विपरीत घडतंय का, म्हणून ती हनुमंतचा पाय तीनदा पाहून आली.

तात्या आल्यावर तिनं त्यांनाही सांगितलं. कालचं 'नाही' तिला बोचत होतं. तात्यांना हसू आलं नाही, की राग आला नाही. "गावाच्या हिरीत बी लोक निर्माल्य टाकत्यात," ते म्हणाले. "भांडून भांडून दमलो. देवाचं काय असंल ते देवाला म्हाईत. मी नळीलाच इचारतो." आणि नळी भरायला वाकले.

त्या दिवशी नऊ वाजता पाणी फिकट पिवळं होतं. बुधवारी त्याहून गडद. गुरुवारी भिंती घासून, वाळू धुऊन झाल्यावर तळाच्या फरश्या एकेक करून दिसायला लागल्या. शुक्रवारी सकाळी नूतननं तीनदा तपासलं. तिन्ही वेळा पिवळं.

हनुमंत पायऱ्या उतरून पाण्यात गेला. काठाकाठानं बांधलेला दोर त्यानं धरला. पण मधल्या दिवसांत पाय आखडला होता. चार पावलं टाकली आणि गुडघा लटपटला, दोर सुटता सुटता राहिला. तो तिथेच उभा राहून धापा टाकू लागला. "एकल्याला न्हाई जमायचं आज," तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहिलं. "तू कदीच उतरली न्हाईस. भ्यातीस?"

"भ्यायची गोष्ट नाही. तीर्थ मिसळलेल्या पाण्यात पाय कसा घालायचा? तुमची गोष्ट वेगळी. ते तुमच्यासाठीच होतं."

"आता न्हाई ना मिसळलेलं?"

नूतननं पाण्याकडे पाहिलं. मग नळाखाली पाय धुतले, पदर खोचला आणि पहिली पायरी उतरली. पाणी घोट्याला गार लागलं. लुगडं फुगून वर आलं, ते तिनं हातानं दाबलं आणि उतरत गेली. छातीपर्यंत पाणी आल्यावर तिचा श्वास अडकला. हौद काठावरून दिसायचा त्याहून कितीतरी मोठा होता, आणि पायाखालची फरशी जागेवर आहे असं वाटेना. तिनं हनुमंतचा दंड घट्ट धरला. कोण कोणाला सावरतंय ते कळत नव्हतं.

"लई आवळू नगंस," तो म्हणाला. "चल."

त्यानं डावा पाय उचलला. गुडघा थोडा वाकला, थांबला, अजून थोडा वाकला. नूतनच्या ओठांवर सवयीनं नाव आलं, पण पाऊल टाकायचं, त्याचा दंड धरायचा आणि लुगडं सावरायचं, यात ते मागेच राहिलं. पलीकडच्या भिंतीला दोघांचे हात एकदमच लागले.

"किती पावलं झाली?" त्यानं विचारलं.

तिच्या लक्षात आलं की तिनं मोजलीच नव्हती.

"मॅडमना आकडा लागतोय रविवारी," हनुमंत म्हणाला आणि वळायला लागला. "आता येताना मोज."