चिकटलेली पानं

उंब्रजमध्ये सुभेदार लालासाहेबांइतक्या वेगानं पोथी वाचणारा माणूस झाला नाही, हे मी प्राथमिक शाळेचा मास्तर असूनही मान्य करतो. फौजेतून पेन्शनवर आल्यापासून दर श्रावणात ते घरी सात दिवसांचं पारायण बसवत. आंघोळ, कडक इस्त्रीचं धोतर, आणि मग तीनशे ओव्या एका दमात. ऐकणाऱ्याला एका ओवीचाही अर्थ लागत नसे. वाचन संपलं की ते घड्याळात बघत आणि म्हणत, "कालच्यापेक्षा चार मिनिटं कमी." देव पलीकडे शिट्टी घेऊन उभा असावा, असा त्यांचा समज होता.

हे सगळं रागासाठी चाललं होतं. राग जावा म्हणून त्यांनी संकल्प सोडला होता, नऊ पारायणं झाली होती, आणि राग होता तिथंच होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पलूसचे जावई भाऊसो जेवताना म्हणाले, "मामा, आमी औंदा ऊस काढून द्राक्षं लावायची म्हणतोय, कारण..." ते कारण कुणालाच कळलं नाही. सुभेदार इतके कडाडले की जावई भरल्या ताटावरून उठले. अंजना नवऱ्यामागून गेली ती परत माहेरी आली नाही. सुभेदारांच्या पत्नी शालूकाकी त्यावर कधी बोलल्या नाहीत, पण दर सणाला त्यांचा एक डोळा एस.टी.च्या थांब्याकडे असे.

दहावं पारायण एकोणऐंशी सालच्या श्रावणातलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रंगूबाईंना खोकला आला. खोकला कुणी मुद्दाम काढत नाही, पण सुभेदारांनी रागानं चष्मा उतरवून पाटावर आपटला. दोन्ही काचा फुटल्या. कराडच्या चष्मेवाल्यानं आठ दिवसांचा वायदा केला, आणि पारायण तर मध्ये थांबवता येत नाही.

मी वाचू का, असं विचारणार होतो. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "वाचती मी."

काकींनी गेल्या हिवाळ्यात माझ्याच प्रौढ शिक्षण वर्गात पाटी धरली होती. अक्षराखाली बोट ठेवल्याशिवाय त्यांचं गाडं हलत नसे.

"तू?" सुभेदार म्हणाले. "फुडल्या श्रावणात संपंल."

"मग फुडल्या श्रावणात संपंल," काकी म्हणाल्या आणि पाटावर बसल्या.

चौथा दिवस फार करमणुकीचा गेला. काकी एकेक अक्षर जुळवत, सुभेदार "चल, फुडं चल" म्हणत, आणि ओवी लागली की काकी थांबून विचारत, "आवं, म्हंजी काय?"

"म्हंजी... देवाचं हाय त्ये."

"त्ये मला बी दिसतंय. पर काय म्हणतोय द्येव?"

"चल, फुडं चल." मी टॉवेलात तोंड लपवून हसत होतो.

पाचव्या दिवशी काकींचं बोट पानाच्या तळाशी थांबलं. त्यांनी पान उलटलं, परत मागं आणलं. "हे जुळत न्हाई. तितं गुरू शिष्याला राग म्हंजी काय त्ये सांगाया बसलाय, आन हितं एकदम नदीचं वर्णन. मधीच नदी कुठनं आली?"

"नदीच हाय तितं. नऊ वर्सं वाचतोय मी."

काकींनी पान चिमटीत धरून चोळलं. मग अंबाड्यातला आकडा काढला आणि पानाच्या कडेतून हळूच सरकवला. पहिल्याच वर्षी वाचनाआधीच्या पूजेचं पंचामृत सांडून मधली दोन पानं चिकटली होती. आत एक वाळलेली मुंगी निघाली, आणि नऊ वर्षांत कुणीही न वाचलेला मजकूर. रंगूबाईंना यावेळी खोकला नाही, हसू आलं.

सुभेदारांच्या कपाळाची शीर फुगली. आम्ही सगळे अंग चोरून बसलो. काकींनी मात्र मान वर केली नाही. बोट अक्षराखाली ठेवून त्या सावकाश वाचत राहिल्या. त्या ओवीचा अर्थ असा होता: रागावलेल्याला समोरच्याचं निम्मंच ऐकू येतं, उरलेलं निम्मं तो आपल्या मनानं बोलतो, आणि मग त्या निम्म्याशीच भांडत बसतो.

"फुडं चल" आलं नाही. सुभेदार म्हणाले, "परत वाच."

काकींनी परत वाचलं. सहाव्या दिवशीही तीच ओवी. सुभेदार ती गोठ्यात पुटपुटत, वैरण टाकताना पुटपुटत, मध्येच थांबून म्हशीकडे बघत राहत. खरं सांगतो, मला माझी लाज वाटली. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर मी कधी पुरतं ऐकलं होतं?

सातव्या दिवशी प्रसादाला गाव जमलं. सुभेदार उभे राहिले आणि म्हणाले, "पारायण काय झालं न्हाई. मी एका ओवीवर आडकलोय. तुमी जेवून घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकींना घेऊन पलूसच्या गाडीत बसले.

पुढचं मला काकींनी सांगितलं. अंजनानं दार उघडलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि न बोलता आत गेली. भाऊसो रानातून आले, लांब खांबापाशी बसले. शेवटी सुभेदारांनी घसा खाकरला.

"पाव्हणं, त्या दिवशी तुमी 'कारण' म्हणाला हुता. त्येच्या फुडं काय हुतं?"

भाऊसो खांब सोडून जवळ येऊन बसले. मग म्हणाले, "हिरीचं पाणी कमी झालंय, मामा. उसाला पुरत न्हाई. द्राक्षाला थोडक्यात भागतं."

"येवढंच?"

"येवढंच."

सुभेदार खाली मान घालून बसले. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं म्हणून ते डोळे पुसत होते, असं काकींनी मला सांगितलं, आणि मी ते खरं मानलं.

आतून अंजनाचा आवाज आला. "आबा, आता जेवूनच जायाचं. आन आईला मी आठ दिस ठिवून घेणार हाय. तुमचं तुमी भाकरी थापून खावा." दोन वर्षांनी ती बापाशी बोलत होती, आणि या बोलण्यात मध्ये तोंड घालायला तीन ठिकाणी जागा होती. सुभेदारांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.