पन्नासाला सात कमी

मी ढोलकी बोलतेय. माझ्या पोटात जळायला लागलं ती वेळ मला पक्की आठवते. मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. जोएल एक लांबट काळी पेटी घेऊन घरात शिरला आणि चारुलताने मला मांडीवरून खाली ठेवलं.

त्याआधी मी एकटी तिची होते. माझा जन्म पुण्याचा. शिसवीचं खोड, बकरीचं कातडं, आवळायला सुती दोरी. जर्मनीत कोलोनला येताना चारूने कपड्यांची बॅग सामानात टाकली, मला मांडीवर घेतलं. इथल्या गणपतीत, डोहाळजेवणात मी तिच्या हातांखाली घुमायचे.

मग तिने जोएलशी लग्न केलं. त्याचे वडील जमैकाचे, आई जर्मन, तो जन्मापासून कोलोनचाच. वडिलांकडचं रेगे संगीत गातो. पेटीत होती त्याची विजेवरची बास गिटार. तिला बैठकीत स्टँड, मला कपाटावर ख्रिसमसच्या खोक्याशेजारी जागा. हायत्सुंगच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या हीटरच्या, कोरड्या हवेने माझं कातडं तडतडलं, कोणी पाहिलं नाही. तिच्या तारा मात्र तो रोज पुसायचा. लेक झाली, केया, तीही त्या सवतीचाच आवाज ऐकून झोपायची.

सगळ्यात जास्त राग यायचा गिटारच्या खरेदीच्या पावतीचा. प्लास्टिकमध्ये घालून पेटीत जपलेली! माझी पावती कधीच कचऱ्यात गेली.

जोएल अठरा वर्षं गावोगाव गातोय. स्टेजवर टाळ्या, खाली उतरला की प्रश्न. मार्चमध्ये तो घरी आला आणि बूट न काढताच बसला.

"परत?" चारूने विचारलं.

"परत. फलाट भरलेला, चारू. पोलिसाने मलाच विचारलं, ही गिटार कोणाची. पावती दाखवली तर म्हणे, हे नाव तुझंच कशावरून?"

चारू केयाच्या केसांत तेल घालत होती. तिचा हात थांबला. "ही पण तुझ्याच रंगावर गेलीय. उद्या व्हायोलिन घेऊन शाळेत जाईल. हिच्याही पेटीत पावती घालायची का रे?"

पावती लाडाची नव्हती, ते मला तेव्हा कळलं. तरी खरं सांगते, जळणं थांबलं नाही.

जोएलने 'ही गिटार कोणाची' याच प्रश्नाचं गाणं केलं आणि चौकात निदर्शनाची परवानगी काढली. कागदावर अट होती, पन्नास माणसं नसतील तर स्पीकर लावायचा नाही. चारूने मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. साठ अंगठे आले. "साठ! आणि तुझे मित्र वेगळे!" म्हणत ती नाचलीच.

शनिवारी बारा वाजता चौकात माणसं किती? केयाला धरून त्रेचाळीस. मंडळातल्या चौघीच. त्यांतल्या सुलेखाताई डबा घेऊन आल्या होत्या.

"अगं चारू, अंगठा म्हणजे वाचलं! येतो असं कुठे म्हटलं कोणी?"

पोलीसबाईने दोनदा मोजलं आणि मान हलवली. जोएलने वायर काढली. गिटारच्या तारा हलत होत्या, आवाज मात्र शेजारच्यालाही येईना. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

केयाचं खेळणं म्हणून मला सायकलच्या ट्रेलरमध्ये टाकलं होतं. चारूने मला ओढून काढलं, दोरी आवळली.

"हिला वीज लागत नाही हो," सुलेखाताईंनी बाईला जर्मनमध्ये ठणकावलं.

"गेनाऊ," बरोबर आहे, असं बाई म्हणाली आणि बाजूला झाली.

मी वाजले. कपाटावरच्या सात वर्षांचं साचलेलं सगळं घेऊन वाजले. लोकांचे पाय हलले. पण जोएलचे शब्द कारंज्याच्या पलीकडे जाईनात. ट्रामच्या थांब्यावरच्यांना वाटलं, काहीतरी सण असेल. एकाने तर हसून हात हलवला.

"पापा, लाउटर!" केया ओरडत राहिली. मोठ्याने! त्याचा घसा बसला, प्रश्न चौकातच राहिला.

आता मी बैठकीत आहे, स्टँडशेजारी. गिटारशी मी बोलत नाही. तिची ती लांब मान अजून बघवत नाही. पण परवा केया मला पेटीसारखी पाठीला लावून घरभर फिरली, आणि मला जोएलने सांगितलेला तो फलाट आठवला.

पुढच्या शनिवारी बारा वाजता त्याच चौकात पुन्हा जमायचंय. सात माणसं वाढली की स्पीकर लागेल, गिटार बोलेल आणि माझ्याकडे कोणी बघणार नाही. चालेल मला. तुम्ही एवढं करा, ओळखीच्या सगळ्यांना सांगा. आणि त्यांना म्हणावं, अंगठा नको. या.