सभागृहातले थांबवलेले घड्याळ

त्या सभागृहात पंचाहत्तर मेजे, पंचाहत्तर खुर्च्या, बारा पितळी पिकदाण्या, दोन शेगड्या आणि एक घड्याळ होते. ते घड्याळ मीच. मित्रांनो, आज मी जुना झालो आहे. तळघरात मोडक्या खुर्च्यांशेजारी टेकवून ठेवलेला असतो. माझ्या चाकांवर तेल सुकून मेणासारखे झाले आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या कनेटिकटच्या एका कारखान्यात झाला. थंडीत किंवा उन्हात लांबी बदलू नये म्हणून माझ्या लंबकाची दांडी मुरलेल्या लाकडाची केली होती. आगगाडीने मी तांब्याच्या डोंगराळ मुलखात आलो आणि तिथल्या राजधानीत विधानसभेच्या अध्यक्षांच्या आसनामागे, उंच भिंतीवर चढलो.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मी दुपारचे बारा ठोके दिले की कामकाज संपे. उरलेली विधेयके तिथेच मरत. म्हणून एक रीत पडली होती. काम उरले, तर शिपाई स्टँचफिल्ड शिडीवर चढून माझा लंबक धरी. बाहेर सूर्य कलला, तरी आत बारा वाजत नसत.

ही रीत बहुधा ॲम्ब्रोज व्हीलॉकसाठी पाळली जाई. खाणी त्याच्या, भट्ट्या त्याच्या, वर्तमानपत्र त्याचे, निम्मेअधिक आमदारही त्याचेच. तो सज्ज्यात आला की बोलणारा वाक्य अर्धे सोडी. मी कोणासाठी एक क्षणही मागेपुढे झालो नव्हतो, आणि हा माणूस नुसती मान हलवून मला थांबवी! पहिल्यांदा थांबलो तेव्हा मी भारावून गेलो. वाटले, बाहेर पृथ्वीही थबकली असेल.

१९०७ च्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी दोन विधेयके उरली. पहिले व्हीलॉकच्या रेल्वेला करमाफी देण्याचे. दुसरे भट्टीकामगारांचा दिवस आठ तासांचा करण्याचे. ते खाणीतून आलेल्या डेनिस ट्रेगोनिंगने आणले होते. त्याचा धाकटा भाऊ रोज बारा तास वितळत्या तांब्यापाशी उभा राही. त्या हिवाळ्यात त्याच्या शेजारचा गडी उभ्याउभ्या झोपला आणि भट्टीच्या तोंडाशी पडला. भाऊ घरी येऊन एवढेच म्हणाला होता, "डेनिस, आता माझी पाळी."

थांबवलेल्या घड्याळावर कोर्टाने मागे शंका काढली होती. म्हणून या वेळी व्हीलॉकच्या वकिलाने रीतसर ठराव करवून घेतला: 'कामकाजपत्रिकेवरचे सर्व काम संपेपर्यंत घड्याळ थांबवावे.' स्टँचफिल्डने मला धरले. करमाफी मंजूर झाली.

व्हीलॉक सज्ज्यातून गरजला, "चला मंडळी, हॉटेलात! ऑयस्टरच्या शिंपल्यांखालचा बर्फ वितळतोय!"

त्याचे आमदार हसत उठले. जाताना एकजण म्हणाला, "चल की डेनिस! त्या घड्याळाकडे काय बघत बसलास? ते कुठं चालतंय?"

"तुम्ही व्हा पुढं. मला भूक नाही."

अध्यक्ष हॅव्हर्टी म्हणाले, "स्टँचफिल्ड, घड्याळ चालू कर."

स्टँचफिल्ड शिडीवर चढला. त्याचा हात माझ्या लंबकापाशी आला.

"थांब रे!" ट्रेगोनिंग उठला. "अध्यक्षमहाराज, ठराव सर्व काम संपेपर्यंतचा आहे. माझं विधेयक उरलंय."

"अहो, ती नुसती रीत आहे!"

"रीत होती. आज तुम्हीच तिचा ठराव केलात. तो खोटा म्हणता? मग करमाफीही बारानंतरचीच की, तीही रद्द!"

हॅव्हर्टींनी कपाळ पुसले. शिडीवरून आवाज आला, "साहेब, वर राहू की उतरू? गुडघे बोलायला लागलेत."

सगळे हसले. हॅव्हर्टी मात्र हसले नाहीत. "उतर," ते म्हणाले, आणि त्यांनी हॉटेलकडे माणूस पिटाळला.

मित्रांनो, घड्याळाला तेल घाला, त्याची धूळ पुसा. पण ते बंद दिसले, तर कोणी थांबवले आणि कोणासाठी, हेही विचारत जा.

नावे पुकारली जाऊ लागली. गळ्यात जेवणाचे रुमाल तसेच ठेवून काहीजण धापा टाकत परतले आणि नकार देऊन खुर्चीत कोसळले. काहीजण आलेच नाहीत. वर सज्ज्यात भट्टीवरची माणसे टोप्या छातीशी धरून उभी होती. माझा लंबक निश्चल होता. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. व्हीलॉकसाठीसुद्धा नाही.

लेखनिकाने बेरीज दोनदा तपासली आणि वाचली.

बाजूने तेहतीस, विरुद्ध बत्तीस.